एक घास लक्षात राहावा म्हणून

मागे एकदा आठ जणांना जेवायला बोलावलं होतं. दोन दिवस खपून सात पदार्थ केले. टेबलावर फुलं, मेणबत्त्या, गाण्यांची यादी, सगळा थाट. वर्षभराने त्यातल्या एका मैत्रिणीला सहज विचारलं, "काय आठवतं गं त्या दिवसाचं?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "तू तो गरम ब्रेड माझ्या पुढ्यात फोडलास आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना, नुसता वास!" बाकी पदार्थांचं नावही नाही. ब्रेड तर त्या सातांत धरलेलाही नव्हता. सूपसोबत काहीतरी हवं म्हणून ऐनवेळी भाजला होता.

आधी जरा राग आला. मग तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. चष्म्यावर वाफ धरली म्हणून डोळे थांबले आणि डोळे थांबले म्हणून नाकाला वाव मिळाला. मी दोन दिवस वाढवत बसले होते आणि लक्षात राहिलं ते काहीतरी कमी झाल्यामुळे. तेव्हापासून घरात जे करून पाहिलं, जे वाचलं, ते इथे क्रमाने मांडते. खर्च जवळपास नाही. वेळ लागतो आणि थोडा निर्लज्जपणा, कारण घरचे सुरुवातीला हसतात.

पहिलं काम: नाकाची ओळख करून घ्या

फळाच्या स्वादाची एखादी चघळायची गोळी घ्या. डोळे मिटा, कुणाला तरी ती हातावर ठेवायला सांगा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि मगच गोळी तोंडात टाकून चावा. गोड कळेल, थोडं आंबट कळेल, बस. संत्रं की स्ट्रॉबेरी, छातीठोकपणे सांगता येणार नाही. पाच-सहा वेळा चावून झाल्यावर नाक सोडा. संत्रं एकदम धावून येतं. हा प्रयोग मी लहान मुलांवर केलाय, सत्तरीच्या माणसांवर केलाय. नाक सोडल्यावरचा चेहरा सगळ्यांचा सारखाच होतो.

जिभेला मुळात मोजक्याच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. ही पाचवी चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं करून दाखवून दिली. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, वाळवलेले मश्रूम यांत ती भरपूर असते. याखेरीज आपण ज्याला 'चव' म्हणतो तो बराचसा वास असतो. चावताना अन्नातला गंध घशामागून वर चढतो आणि श्वास सोडताना नाकात पोचतो. तिथे गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांच्या जनुकांचा मोठा परिवार लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधला. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. सर्दीत जेवण सपक लागतं तेव्हा जीभ शाबूतच असते, वरची वाट तुंबलेली असते.

(शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, टोकाला गोड आणि मागे कडू. तो विसरा. १९०१ च्या एका जर्मन निबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो नकाशा जगभर छापला गेला. साखरेचा दाणा जिभेच्या कडेला ठेवून बघा, गोडच लागतो.)

आता हे ताटावर कसं आणायचं? घास गिळल्यावर तोंड मिटलेलं ठेवा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. एवढंच. चहा पारखणारे लोक घोट भुरका मारून घेतात तेही यासाठीच; भुरक्याबरोबर हवा आत शिरते आणि गंध उधळतो. चारचौघांत भुरका मारायला संकोच वाटत असेल तर एकटे असताना मारा. पण मारा.

नाकाला वासाची सवय फार लवकर होते, हेही ध्यानात ठेवा. तासभर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्याच पदार्थाचा वास येईनासा होतो. वाढण्याआधी पाच मिनिटं गॅलरीत किंवा जिन्यात जाऊन उभे राहा आणि मग आत या. दारात जो वास येईल तोच पाहुण्यांना येणार आहे. आपलं काहीतरी खाली लागलंय, हे मला दोनदा असंच दारात कळलंय.

आणि जेवणाच्या तोंडावर दात घासू नका. बऱ्याच टूथपेस्टमध्ये फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट असतं. ते गोड दाबतं आणि कडू वर काढतं. ब्रश केल्या केल्या संत्र्याचा रस प्यायलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं काम: पंखा बंद करा

स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा, टीव्ही, मागे गुरगुरणारा फ्रिज. आपल्याला ते ऐकू येत नाहीत इतके अंगवळणी पडलेत, पण चवीवर त्यांचा परिणाम होतो. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लोकांना विमानाच्या केबिनसारखा सुमारे ८५ डेसिबलचा आवाज ऐकवत चवी चाखायला दिल्या. गोड फिकं लागलं, उमामी मात्र ठळक. एरवी टोमॅटोच्या रसाला हात न लावणारे लोक विमानात तो का मागतात, याचा काही उलगडा यातून होतो.

जेवणभर शांतता पाळणं कुणाच्याच घरात जमायचं नाही. पहिली पाच मिनिटं मागा. भूक तेव्हाच कडाडलेली असते आणि लक्ष देण्याजोगं जे काही आहे ते तेव्हाच घडतं. जेवताना लावायच्या गाण्यांबद्दल माझं मत जरा कडवं आहे: गाणं चांगलं असेल तर जेवणावरून लक्ष उडतं आणि चांगलं नसेल तर लावायचं कशाला?

आवाज पदार्थाच्या बाजूनेही काम करतो. ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर चावायला दिले. चावण्याचा आवाज माइकमधून परत त्यांच्याच कानात सोडला. त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवला की तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. २००४ सालचं हे संशोधन. २००८ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं बक्षीस. माझ्यापुरता अर्थ असा की कुरकुरीत पदार्थ सगळ्यात आधी वाढायचा, ओल्या पदार्थापासून लांब ठेवायचा आणि सगळे बोलायला लागायच्या आत. टोस्टवर लोणी फासताना सुरीचा जो खरखर आवाज होतो तो पानावर बसलेल्यांनाही ऐकू जायला हवा. म्हणून मी लोणी आत लावून आणत नाही, टेबलावर लावते.

तिसरं काम: मान एकाच पदार्थाला

माझी सात पदार्थांची चूक इथली. प्रत्येक पदार्थ लक्ष मागत होता, म्हणून कुणालाच मिळालं नाही. आता मी एक निवडते आणि बाकीचे मुद्दाम साधे ठेवते.

टोमॅटोचंच बघा. पूर्ण पिकलेला, देठाशी हुंगला तर हिरवट वास येणारा एक टोमॅटो. तो फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही; थंडीत टोमॅटोची गंध तयार करण्याची यंत्रणा मंदावते आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्ण परत येत नाही. धारदार सुरीने जाड चकत्या करा, बोथट सुरीने तो चेचला जातो. सपाट ताटलीत मांडा, वरून मीठ भुरभुरवा आणि दहा मिनिटं त्याकडे जाऊ नका. परत याल तेव्हा चकत्यांखाली फिकट गुलाबी पाणी सुटलेलं असेल, वर मिठाचे दाणे विरघळून ओलसर चमक आलेली असेल. पहिली चकती हाताने उचलून खा. मग ब्रेडचा तुकडा त्या पाण्यात बुडवा. माझ्या मते खरा पदार्थ ते पाणीच आहे, टोमॅटो त्याचं निमित्त.

मीठ इथे खारटपणासाठी नसतंच फारसं. १९९७ मध्ये पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशां यांनी दाखवलं की मीठ कडूपणा दाबतं आणि त्याखाली दडपलेली गोडी मोकळी होते. फार कडू झालेल्या कॉफीत चिमटीच्याही चिमटीएवढं मीठ टाकून बघा. खारट लागलं तर जास्त पडलं.

तापमानाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. गोडाची जाणीव मेंदूकडे पोचवणारी पेशींमधली एक वाहिनी ऊब असताना जास्त जोमाने काम करते. म्हणून वितळलेलं आइस्क्रीम असह्य गोड लागतं. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेपेक्षा किंचित खाली. तेव्हा चॉकलेट चावू नका. एक चौकोन जिभेवर ठेवा, टाळूला हलकेच दाबा आणि थांबा. दीड-दोन मिनिटं लागतात. आधी काहीच होत नाही, मग कडा निसटतात, मग सगळंच.

मिरचीचा तिखटपणा चव नसून उष्णतेची जाणीव आहे. सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा जो ग्राहक आपल्या त्वचेत आणि तोंडात असतो, त्यालाच मिरचीतलं कॅप्सेसिन जागं करतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी. त्यामुळे तिखट सूप उकळतं वाढलं तर जाळ दुप्पट होतो. कोमटाच्या जरा वर असू द्या, तिखटाच्या मागचा मिरचीचा वासही कळेल.

आणि थोडं वाढा. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नोंदवलं की एखादा पदार्थ खात राहिलं की त्याच पदार्थाची गोडी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची फारशी उतरत नाही. पोट टम्म भरलेलं असताना गोडाला जागा निघते ती यामुळे. मान दिलेल्या पदार्थाचे चार-पाच घास पुरेत. "अजून आहे का?" असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. हे मला सगळ्यात अवघड जातं.

चौथं काम: शेवट राखून ठेवा

डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांनी एक हात १४ अंशांच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद धरला. दुसऱ्या वेळी तेवढंच, पण त्यानंतर आणखी ३० सेकंद हात पाण्यातच, फक्त पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलेलं. पुन्हा करायचं झालं तर कुठला प्रकार चालेल? बहुतेकांनी दुसरा निवडला. त्रास एकूण जास्त, पण शेवट जरा बरा. आठवण ठेवताना आपण मिनिटं मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर हिशेब उरकतो.

घरातल्या जेवणाचा शेवट बहुतेकदा कसा होतो? खरकटी ताटं एकमेकांवर आदळतात, कुणीतरी फोन उचलतो, कुणीतरी उद्याच्या कामाचं काढतं. भांडी पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. जेवण झाल्यावर दिवे थोडे कमी करा आणि एकच लहानशी गोष्ट आणा: थंड द्राक्षांची वाटी, चॉकलेटचा तो चौकोन किंवा लिंबाच्या सालीचा वास घेतलेलं गरम पाणी. साल पाण्यावर धरून पिळायची. बारीक तुषार उडतात, ते पेल्याच्या काठावर बसतात आणि ओठ लावायच्या आधी वास येतो.

रंग आणि अंधार

डोळ्यांबद्दल थोडक्यात. फ्रान्समधल्या बोर्डोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन, बिनवासाचा लाल रंग घालून, हुंगायला दिली होती. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिकलेले लोक असे फसतात तर आपली काय कथा! पाहुण्यांना फसवायचा मोह आवरा, पण ताटलीचा रंग आणि दिव्याचा रंग हेही पदार्थाचेच भाग आहेत, एवढं धरून चाला. निळसर ट्यूबखाली ब्रेडचा तांबूसपणा मरतो.

पूर्ण अंधारात जेवण वाढणारी रेस्टॉरंटं झ्युरिकमध्ये १९९९ पासून आणि पॅरिसमध्ये २००४ पासून आहेत. घरी तसं करायचं असेल तर डोळ्यांवर रुमाल बांधून फक्त तीन घास खा. सगळं जेवण अंधारात करण्यात मला राम वाटत नाही. दहा मिनिटांनी माणूस चवीचा विचार सोडून सांडण्याचा विचार करू लागतो.

ताटाबाहेर

हीच रीत जेवणाशिवायही चालते: एक इंद्रिय बाजूला सारायचं, एकाला काम द्यायचं.

संध्याकाळी दिवे न लावता खिडकीत बसा, जिथून लाल फूल आणि हिरवी पानं दोन्ही दिसतील. उजेड असेतो लाल रंग उठून दिसतो. काळोख दाटत गेला की लाल काळपट होत जातो आणि पानं मात्र करडी-निळसर उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच कुणी फोन उघडला की बराचसा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

स्पर्शासाठी तीन भांडी घ्या: थंड पाणी, कोमट पाणी, सोसवेल इतकं गरम पाणी. डावा हात थंडात, उजवा गरमात, एक मिनिट. मग दोन्ही हात कोमटात. एकच पाणी डाव्या हाताला गरम लागतं आणि उजव्याला गार. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १७व्या शतकातच यावर लिहून ठेवलंय, आणि अजूनही पहिल्यांदा करणारा माणूस हात बाहेर काढून पाण्याकडे संशयाने बघतो.

पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली पेट्रिकोर हे नाव दिलं. त्यात जिओस्मिनचा मोठा वाटा असतो. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि आपलं नाक ते अतिसूक्ष्म प्रमाणातही पकडतं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि गंध घेऊन उडतात. हलक्या ते मध्यम पावसात हे जास्त होतं. तेव्हा धो धो सुरू व्हायची वाट बघू नका, पहिल्या टपटपीला खिडकी उघडा.

शब्द शोधा

इथे मराठी माणसाची चैन आहे. वासालाच किती शब्द! भाजण्याचा खमंग, त्यापुढचा खरपूस, त्याहून पुढे गेला की करपट. ओल्या कपड्याचा कुबट, जुन्या तेलाचा खवट, आंबवायला ठेवलेल्या पिठाचा आंबूस. दुरून येतो तो दरवळ, घर भरतो तो घमघमाट, दार उघडताच अंगावर येतो तो भपकारा. दातांखालचे शब्द तर विचारूच नका. कुरकुरीत मोडतं आणि आवाज करतं, खुसखुशीत मोडतं पण लगेच विरघळतं. वातड म्हणजे जे कुरकुरीत असायला हवं होतं आणि आता नाही. त्या एका शब्दात तक्रारही आली.

रोज एका घासाला एक शब्द द्या, 'मस्त' आणि 'छान' सोडून. तुरट लिहाल तेव्हा जरा थांबा: ते मुख्यतः स्पर्शाचं काम आहे. कडक चहातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, तोंडातला गुळगुळीतपणा जातो आणि गालांच्या आतली त्वचा ओढल्यासारखी होते. शब्द शोधायला घास तोंडात थोडा जास्त रेंगाळतो, हाच त्यातला डाव.

वही नसेल तर फोनवर लिहा, पण फोटो जपून. लिंडा हेन्केल यांच्या २०१४ च्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या बारकाव्यावर झूम करून काढलेल्यांच्या बाबतीत मात्र ही घट दिसली नाही. तेव्हा काढायचाच तर एकच काढा, ब्रेडच्या भेगेचा किंवा ताटलीतल्या गुलाबी पाण्याचा, आणि फोन उलटा ठेवा.

नाक रुसलं तर

मोठ्या सर्दीनंतर किंवा तापानंतर वास महिनोन्‌महिने गेलेला असू शकतो. वास अचानक, सर्दी-पडशाशिवाय गेला असेल किंवा येईचना झाला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. घरी करण्यासारखा एक सराव थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी ड्रेस्डेनमध्ये तपासून २००९ मध्ये मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सराव करणाऱ्यांपैकी काहींची गंधशक्ती सुधारली. चार लहान बाटल्यांत कापसाच्या बोळ्यावर एकेका तेलाचे थेंब घ्या. प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगा आणि त्या वेळी तो वास मनात आठवायचा प्रयत्न करा. नाक चांगलं असलं तरी हा सराव वाया जात नाही; आठवड्याभरात लवंगेत पूर्वी न जाणवलेला गोडसरपणा सापडू लागतो.

बाटल्यांवर नावं आठवणीने लिहून ठेवा. मी लिहिली नव्हती, आणि ज्या आठवड्यात मला त्यांची खरी गरज होती त्या आठवड्यात चारही बाटल्या अगदी एकसारख्या होत्या.